यादीत नसलेली जोडी

प्रिय बडबड्या,

या नावाने तुला हाक मारायचा हक्क आता मला राहिलेला नाही, ते कळतंय. पण कागद पुढ्यात घेऊन अर्धा तास बसले आणि दुसरं कुठलंच नाव लिहायला हात धजेना. गेल्या सहा वर्षांत माझ्याकडून तुला जे काही आलं ते वकिलामार्फत आलं, इथल्या भाषेत, खाली शिक्का मारून. हे मी माझ्या हाताने मराठीत लिहितेय. कुठे काना-मात्रा चुकला तर समजून घे.

आधी माझी खबरबात. हॉटेलच्या लाँड्रीतलं काम मी सोडलं. ओल्या चादरी उचलून उचलून पाठ धरली होती. आता दोन वर्षं झाली, विद्यापीठात भाषेवर संशोधन करणाऱ्या एका बाईंकडे मदतनीस आहे. हसू नकोस. व्याकरणात कायम काठावर पास होणारी मी, पण बाईंना मराठी येणारं माणूस हवं होतं आणि इथे आपली माणसं आहेत तरी किती. काम ऐकशील तर तुला गंमत वाटेल. बिनखिडकीची छोटी खोली, भिंतींना करडं जाड कापड, एक खुर्ची आणि एक पडदा. पडद्यावर एक शब्द चमकून जातो, मागोमाग दुसरा येतो. दुसरा शब्द खरा असला तर उजवं बटण दाबायचं, बनावट असला तर डावं. बस, एवढंच. आधी ‘सुई’ येऊन मग ‘दोरा’ आला की बोट झटकन पडतं. आधी ‘ढग’ येऊन मग ‘दोरा’ आला की जरासं अडखळतं. तो फरक इतका बारीक की आपल्याला जाणवतही नाही, पण यंत्राला बरोबर कळतो. बाई म्हणतात, शब्द डोक्यात एकेकटे राहत नाहीत, बिऱ्हाडं करून राहतात. एकाचं दार वाजलं की शेजारचा आपण होऊन जागा होतो. कुठल्या भाषेत किती लवकर जागा होतो, ते आम्ही मोजतो.

बनावट शब्द पाडायचं काम माझ्याकडे असतं. खुंबर, टिळोप, भरसूक. दिसायला मराठी, अर्थाच्या नावाने शून्य. एकदा त्या यादीत मी सरळ ‘वरखाल्या’ लिहून मोकळी झाले. तू लिफ्ट दुरुस्त करायला निघालास की आपली ठकू शेजारणीला सांगायची ना, बाबा वरखाल्याला बरं करायला गेलाय म्हणून. लिहिल्यावर माझ्या ध्यानात आलं आणि मी तो खोडला. माझ्या बोटाने त्याला बनावट म्हटलंच नसतं.

काय बोलायचास रे तू तिच्याशी! मोजे चढवताना मोज्यांची भांडणं लावायचास, भात भरवताना प्रत्येक घासाला नवीन पाहुणा आणायचास. मी म्हणायचे, जरा दम घे, तिलाही बोलू दे. ती तुझ्या तोंडाकडे बघत आ वासून बसायची, त्यामुळे घास मात्र बरोबर जायचा.

आणि तूच, ती गेल्यावर दुसऱ्या आठवड्यापासून, घरात इथली भाषा बोलायला लागलास. चहा हवाय का, किल्ली कुठे ठेवलीस, उद्या उशीर होईल, सगळं त्या भाषेत. मी मराठीत विचारायचे, तू तिकडून उत्तर द्यायचास. ताईंचा फोन आला तर सख्ख्या बहिणीशीसुद्धा ‘हो’, ‘नाही’, ‘ठेवतो’. मी तुला साहेब म्हणून टोमणे मारले. पोर गेली आणि याला परक्यासारखं बोलायला सुचतंय, असं ताईंना ऐकवलं, तूही ऐकावंस अशा बेताने. मग एक दिवस तू स्वयंपाकघराच्या दाराशी आलास, चौकटीला हात टेकून उभा राहिलास आणि त्याच भाषेत माझी क्षमा मागितलीस. मला ती स्टेशनवरच्या घोषणेसारखी वाटली, गाडी उशिरा येईल, गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत. मी नळ बंद केला नाही, मागे वळूनही पाहिलं नाही. तीन महिन्यांनी तू बॅग भरलीस.

दोन महिन्यांपूर्वीची गोष्ट. चाचणीला बसायची ठरलेली एक मुलगी आली नाही, म्हणून बाई मला म्हणाल्या, आज तूच बस. यादी माझी नव्हती, त्यांच्या विद्यार्थिनीने केली होती. मी दोन्ही भाषांत बटणं दाबली आणि चहा करायला गेले. परतले तर बाई कागदाकडे चष्मा वर करून बघत होत्या. एका जोडीला माझं बोट ‘सुई-दोरा’पेक्षाही लवकर पडलं होतं, आणि ती जोडी तर यादीत एकमेकांशी संबंध नसलेल्या शब्दांमध्ये होती. आधी ‘झोप’, मग ‘दवाखाना’. बोट घसरलं असेल, असं त्या म्हणाल्या. पुढच्या आठवड्यात पुन्हा बसवलं. पुन्हा तेच. इथल्या भाषेतले तेच दोन शब्द दाखवले तर माझं बोट चारचौघांसारखं, निवांत.

बाईंनी विचारलं, हे दोन शब्द तुझ्या डोक्यात शेजारी कसे आले? आणि मी सांगितलं. त्या दिवशी ठकूला सकाळपासून ताप होता. तू रजा घेतलीस, मी कामावर गेले. दुपारी लाँड्रीतून फोन केला. मागे यंत्रं घरघरत होती, म्हणून मी दुसऱ्या कानात बोट घातलं होतं. तू म्हणालास, “झोप लागलीये गं तिला, शांत. उठली की दवाखान्यात नेतो.” मी बरं म्हटलं. चार वाजता घरी आले तर ती उठत नव्हती. दुसऱ्या दिवशी सकाळी आपली ठकू नव्हती. चार वर्षांची होती.

हे सगळं मी बाईंना धडाधडा सांगितलं आणि डोळ्यांतून टिपूस आलं नाही. बाहेर आल्यावर उमगलं की मी ते इथल्या भाषेत सांगितलं होतं. म्हणून जमलं. मराठीत पहिल्या शब्दापुढे गेले नसते. मी तिथे जिन्यात बसले, येणारेजाणारे वळसा घालून जात होते, आणि पहिल्यांदा मला तू कळलास. तू साहेब झाला नव्हतास. मराठीत तोंड उघडलं की पुढचा शब्द कुठला उठून येईल याची तुला भीती वाटत होती. ज्या भाषेत तुला उभं राहता येत होतं, त्या भाषेत तू माझ्यापर्यंत यायला बघत होतास, आणि मी भांडी घासत राहिले.

परवा ताईंचा फोन आला. माझ्याशी त्यांनी नातं तोडलं नाही, हा त्यांचा मोठेपणा. तुला मुलगी झाली, पाच महिन्यांची आहे, असं म्हणाल्या. तुझी बायको स्वभावाने गोड आहे, बाळाशी तुझ्या भाषेत बोल म्हणून तीच तुझ्या मागे लागते, पण तू बोलत नाहीस. कडेवर घेतोस, फिरवतोस, अंघोळ घालतोस, सगळं मुक्याने. ते ऐकून मला राहवेना, म्हणून हे पत्र. एक गोष्ट मी तुझ्यापासून लपवली आहे. त्या संध्याकाळी दवाखान्यात तू खाली फॉर्म भरायला गेला होतास, तेव्हा डॉक्टरबाई बाहेर आल्या. मी विचारलं, दुपारी आणलं असतं तर? त्या म्हणाल्या, सकाळी आणलं असतंत तरी आमच्या हातात काही नव्हतं. मला शब्दन् शब्द कळला होता. तू जिना चढून वर आलास आणि मी तुला ते सांगितलं नाही. उलट सगळ्यांसमोर म्हणाले, “बाप ना तू? एवढंही कळलं नाही तुला?” मला कुणावर तरी तुटून पडायचं होतं आणि तू जवळ होतास. आज मराठीत सांगते, तुझी चूक नव्हती. दुपारी नव्हती, कधीच नव्हती. मला माफ करायचं की नाही ते सावकाश ठरव, नाही केलंस तरी चालेल, उत्तराची वाट मी बघणार नाही. पण हे पत्र वाचून झालं की बाळाजवळ जा आणि बोल, अर्धंमुर्धं, चुकीचं, जे तोंडात येईल ते. रडू आलं तरी बोल. पाच महिन्यांची पोर तुझ्या तोंडाकडे बघत असेल, तू किती दिवस तिला गप्प राहून सांभाळणार?

ठकूच्या नात्याने अजूनही तुझीच,
तिची आई