परकराच्या कापडाच्या चार हाफपँटी

२४ नोव्हेंबर १९८६, सोमवार
दिवाळीची सुट्टी संपली आणि शाळेत पाय ठेवल्या ठेवल्या गळ्यात घोंगडं. पीटीचे सर सुट्टीतच दुसरीकडे लागले. हेडसर म्हणाले, "बाई, मुलींची रिले आता तुम्ही बघा. शिवणाचे तास तसे हलकेच असतात." हलके. चाळीस मुली, आठ मशीन, त्यातली तीन बंद. सहा वर्षं होडीने खाडी ओलांडून या गावात शिवण शिकवायला येते, हा माणूस एकदा वर्गात डोकावलेला नाही.
तरी हो म्हणून आले. मी जन्मात कधी बसमागेही धावलेले नाही.

२६ नोव्हें.
सराव बोंबील वाळवतात त्या मोकळ्या जागेत. चौघी आहेत. नववीची रोझी सगळ्यांत वेगवान, शेवटचा टप्पा तिचा. गेल्या वर्षी शाळांच्या स्पर्धेत बोरीवलीच्या मैदानावर स्कर्ट पायात येऊन तोंडावर आपटली होती, हनुवटीवर अजून व्रण आहे. आज नीट पाहिलं. एका हातात रिलेची काठी, दुसऱ्या हाताने स्कर्ट धरून पळते. चौघीही तशाच. एक हात पळायला, एक अब्रू सांभाळायला. अशाने काय डोंबल जिंकणार.
कपाटात परकरांसाठी आलेला गुलाबी पॉपलीनचा तागा पडलाय. वार्षिक प्रात्यक्षिकाला दर वर्षी परकरच. यंदा हाफपँट शिवून घेणार. विचारायचं कुणाला? शिवणबाई मीच.

२९ नोव्हें., शनि.
बेतल्या, शिवल्या. जिची तिने आपापली. नेफ्यात इलॅस्टिक. रोझीची टीप वाकडी. उसव म्हटलं तर म्हणाली, "बाई, पलताना कोण टीप बगतंय?" बरोबर आहे तिचं. तरी उसवायला लावली.

२ डिसें.
वाट लागली. रोझी शर्यतीसारखी खाली वाकली, उठली आणि पहिल्याच ढांगेत हाफपँट मागे आसनात टर्रकन फाटली. खाली बसली ती उठेचना. बाकीच्या हसल्या, मग तिचं तोंड बघून गप्प झाल्या. माझी शबनम पिशवी मागे धरून तिला वर्गात नेलं.
चूक माझी. डिप्लोमाला शिकले तसंच माप घेतलं, मुलगी ताठ उभी, पाय जुळवून. परकराला ते चालतं, परकर घालून कुणी धावत नाही. सहा वर्षं अशीच मापं शिकवली आणि एकदाही खटकलं नाही. स्वतःचाच राग आला.
शाळा सुटल्यावर रोझीला एक पाय पुढे, गुडघा वर, अशी उभी करून टेप लावली. "मना एका पायावरचा बगला बनवताय काय?" म्हणाली. आसनाचं माप पावणेदोन इंच जास्त निघालं. चारही पुन्हा बेतल्या.

५ डिसें.
हेडसरांनी पाहिलं. ऑफिसात बोलावलं. "मुली उघड्या पायांनी पळणार? गावात काय तोंड दाखवू मी? सलवार घालून धावतील, नाहीतर स्पर्धेच्या अर्जावर माझी सही नाही. आणि कापड परकरांचं होतं ते." मी उठून वर्गात परत आले.
घरी आईला सांगितलं. आधी घाबरली. "नोकरी गेली मगे?" मग भाजी निवडता निवडता म्हणाली, "आमी भाताच्या लावणेक गुडग्यावर लुगडा खोवून दिवसभर चिकलात रवांव. तेवा कोणाची अब्रू गेली नाय." आणि हसली. मला हे ऑफिसात का सुचलं नाही म्हणून जळफळत बसले.

८ डिसें., सोम.
आज ऐकवलं. म्हटलं, सर, या मुलींच्या आया चिखलात गुडघ्यावर लुगडं खोचून उभ्या असतात, तेव्हा गावाचं तोंड कुठे असतं? सर लाल. "बाई, मर्यादा सोडताय तुम्ही."
अर्जाची शेवटची तारीख आजच. सही नाही तर चौघी घरी. मग मीच नमले. सलवार तर सलवार, म्हटलं. सही मिळाली.
बाहेर रोझी उभी होती, तिला सांगितलं. ती पायाच्या अंगठ्याने जमीन उकरत राहिली. इतकी लाज मला कधी वाटली नव्हती.

१३ डिसें., शनि., बोरीवली
चौघी आल्या त्या हाफपँटवर सलवार चढवून. मी सांगितलं नव्हतं. हेडसर पाहुण्यांच्या खुर्च्यांत. नावं पुकारली तशी रोझीने नाडी सोडली, सलवारीची घडी केली आणि माझ्या हातात दिली. "धरा बाई." मग दुसरीने, तिसरीने, चौथीने. मला दटावता आलं असतं, शब्द दिला होता मी. चार सलवारी हातावर घेऊन उभी राहिले, सरांना नीट दिसेल अशी.
कडेची पोरं ओरडत होती, "ए गुलाबी!" एकीनेही वळून पाहिलं नाही. काठी रोझीच्या हातात आली तेव्हा आम्ही पाचव्या होतो. यंदा तिचा दुसरा हात मोकळा होता. दुसऱ्या आलो. जिल्ह्याला निवड. टीप एकही उसवली नाही. मी सगळ्यांदेखत रडले.

१५ डिसें.
मेमो. आदेशाचा भंग, शालेय कापडाचा गैरवापर, तीन दिवसांत लेखी खुलासा द्या. तोवर जिल्ह्याच्या अर्जावर सही नाही. स्टाफरूममध्ये आज कुणी चहाला विचारलं नाही. आई म्हणते माफी माग, एक ओळ लिवूक काय जाता तुजा.

१७ डिसें.
खुलासा उद्या द्यायचा. शेवटच्या तासाला कागद घेऊन बसले. वर "खुलासा" लिहिलं, पुढे "क्षमस्व" काही लिहवेना. कशाबद्दल क्षमा?
तेवढ्यात दारात रोझी. मागे आठवी-नववीच्या दहा जणी.
"बाई, यांची पन मापा घ्या."
"कापड संपलंय गं."
"घरून आनतील. मी सांगितलंय त्यांना."
तिनेच सगळ्यांना रांगेत उभं केलं, एक पाय पुढे, गुडघा वर. दोघी तोल जाऊन एकमेकींवर पडल्या. मापांची वही सापडेना, म्हणून त्याच कागदावर लिहून घेतली. खुलासा, खाली दहा नावं, प्रत्येकीपुढे तिची मापं. शेवटी माझी सही.
होडीत पुन्हा एकदा वाचला. यात घालायचं किंवा काढायचं काही दिसत नाही. उद्या हाच सरांच्या टेबलावर ठेवते.