आबांचा ब्लोअर

३ फेब्रु., सोम.
मोटरचा वेग कमीजास्त करणारा ड्राइव्ह आला एकदाचा. कपाटाएवढं खोकं. आता भट्टीचा धूर ओढणारा मोठा ब्लोअर हवा तेवढ्याच वेगात फिरेल. इतकी वर्षं मोटर कायम फुल स्पीडला. हवा कमी हवी तर पाइपातली झडप हाताने लोटायची. सत्तावीस वर्षं ती झडप आबांनी लोटली. त्याच आवाजात त्यांचे कान गेले. आणि आता त्याच फाउंड्रीत मी मेंटेनन्सला.
साहेब म्हणाले, बेळगावच्या प्लँटला दोन वर्षं जाशील का? तिकडे असेच सहा ब्लोअर आहेत. महिनाअखेर सांग.
आबांना कसं सांगू?

५ फेब्रु., बुध.
सांगायचं म्हणजे ओरडायचं. सगळी आळी ऐकेल. आज तीनदा विचारलं, भाजी कशी झालीय? तर म्हणाले, "व्हय, लाइट आली मगाशीच." मी हसले. तेही हसले, कशाला ते न कळता.
कानातलं मशीन डबीत पडून. "निस्ता कलकलाट व्हतो त्येच्यात." लिहून दाखवावं तर वाचायची सवय नाही.
पूर्वी शिफ्टवरून आले की ओट्यावर बसून सुपरवायझरची नक्कल करायचे. आई हसून हसून आत पळायची. आई गेली, आणि घरात दोन माणसं राहिली, पण बोलणं... माझा आवाज त्यांना आठवतो तरी का?

६ फेब्रु., गुरु.
गुरुवारची सुट्टी, प्लँट बंद. वायरिंग संपवून ब्लोअर चालू केला. २५ हर्ट्झला, म्हणजे निम्म्या वेगाला, पत्र्यावरच्या साळुंक्या ऐकू आल्या. ब्लोअर चालू असताना पहिल्यांदाच!
पण ३१ ते ३४च्या मधे भयंकर थरथर. पाया हादरतो. तीनदा बंद करावा लागला.

१० फेब्रु., सोम.
ड्राइव्ह कंपनीचा माणूस येऊन गेला. पंख्याचं बॅलन्सिंग करा म्हणाला. केलं. थरथर तशीच. साहेब वैतागले. "गुरुवारी जमलं नाही तर ड्राइव्ह काढा, जुनंच बरं होतं."
घरी जेवताना आबांना हात थरथरवून दाखवला, हवेत गोल करून पंखा दाखवला. घास तसाच ठेवला त्यांनी. "थांबताना ना? मला ने तितं."
कित्येक महिन्यांनी आपणहून बोलले.

१३ फेब्रु., गुरु.
साहेबांना विचारून आबांना स्कूटीवरून नेलं. धुतलेला सदरा, टोपी. गेटवरचा वॉचमन उठून उभा राहिला.
हळूहळू वेग वाढवला. ३१ला थरथर. आबांनी पंख्याच्या पत्र्यावर तळवा ठेवला, मग मोटरवर, मग वाकून खालच्या सिमेंटच्या पायावर. "बंद केला की थांबता थांबता हितंच अंग झटकायचा. रोज. मागल्या अंगाचा पाया ढिला हाय."
खरंच. मागचे दोन बोल्ट सैल, खालच्या सिमेंटचा भुगा. पूर्ण वेगात चालायचा तेव्हा कुणाला जाणवलंच नाही.
मी कानाशी ओरडले, कधी सांगितलं का नाही?
"इचारलं कुनी?"
झटपट घट्ट होणारं सिमेंट भरून, बोल्ट आवळून संध्याकाळी पुन्हा चालू. थरथर पुष्कळ कमी. राहिली तेवढा टप्पा ड्राइव्हलाच टाळायला सांगितला: ३०वरून सरळ ३५. चालतोय. ड्राइव्ह राहतोय.
येताना मागे बसून सगळा रस्ता बोलत होते. हेल्मेटमुळे मला निम्मं कळलं नाही. गाडी थांबवून ऐकायला हवं होतं.

१७ फेब्रु., सोम.
पुन्हा गप्प. ओटा, कांद्याला पाणी, जेवण, झोप.
ताईचा फोन, भाजे गावातल्या तिच्या घरून. "आबांना आण इकडं, खोली रिकामीच आहे. पण तू त्यांना बेळगावचं सांगितलंस का?"
नाही. जावंसं वाटतंय, खूप वाटतंय. आणि त्यांनी एकदा तरी पूर्वीसारखं, माझं सगळं ऐकून, मग काय ते बोलावं असंही.

२० फेब्रु., गुरु.
आबाच म्हणाले, "चल, ब्लोअर बगू." नेलं. मशीन कानात घालायला लावलं, कुरकुरत घातलं.
२५वर ठेवला. बाकी शेड बंद. दोघं लाकडी खोक्यावर शेजारी बसलो. मी ओरडले नाही. नेहमीच्या आवाजात, आईशी बोलायचे तशी, म्हटलं, "आबा, बेळगावला बोलावलंय. दोन वर्षं. तुम्हाला ताईकडे राहावं लागेल. जाऊ का?"
ते ब्लोअरकडेच बघत होते. म्हणाले, "जा की. लवकर ये पन."
सगळं ऐकलं? की नुसतं शेवटचं 'जाऊ का'? पाणी आणायला चाललेय असं वाटलं असेल?
पुन्हा विचारायचा धीर झाला नाही. उठलेही नाही, तशीच बसून राहिले. आणि त्यांनीही विचारलं नाही, अजून गेली का नाहीस म्हणून.