शेपटीला बांधलेलं कोकरू

सेमोनकोंग, ऑगस्टचा शेवटचा सोमवार

माझे थोरले भाऊ, आदरणीय आबुती तेफो,

तुला शांती, पाऊस आणि भरलेली कोठारं लाभोत. खाणीतल्या धुळीने धरलेला तुझा खोकला सुटला का? सुटला नसेल तर दवाखान्यात जा, दर पत्रात मला त्याची हकीकत लिहू नकोस. इकडे घोट्याच्या वर बर्फ पडलं आणि वितळलं, माणसं सगळी बरी आहेत. तुझा मेव्हणा मोसिउवा जेवणावळीसाठी तुझी काळ्या तोंडाची मेंढी न्यायला येणार, हा निरोप मिळाला. मेंढी जिवंत आहे. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं तू नीट वाचशील.

आमच्या शिवणाच्या गटाला यंदा साठ कोकरांचं काम आलं. तळहाताएवढी, जुन्या ब्लँकेटच्या तुकड्यांची, आत लोकर ठासलेली, पाठीवर टांगायला दोरीचा फास. समुद्रापलीकडे ती ख्रिसमसला झाडावर टांगतात. (तिकडे ख्रिसमसला बर्फ असतं म्हणे. आपल्याकडे तेव्हा पीच पिकून पडतात आणि माणसं सावली शोधतात. पण ज्याचा त्याचा सण.) गटाची मुख्य मालिनेओ. तिला तू ओळखतोस, चर्चमध्ये दुसऱ्यांच्या मुलांची नाकं पुसते ती. तिचा नियम असा की लोकर तीनदा धुवायची, वाळवायची, पिंजायची, मग काडीने चिमूट चिमूट आत सारायची. मी एकदाच धुते आणि मूठभर कोंबते. माझं पहिलं कोकरू हातात घेऊन ती म्हणाली, "मामोखेथी, बटाट्याला पाय कशाला लावलेस?" सगळ्या बायका हसल्या. मी चारही पाय उसवले आणि पुन्हा लावले, तरी ते बटाट्याचेच दिसत होते.

आठ दिवसांपूर्वी, रविवारी, बर्फ पडलं आणि तुझी मेंढी, वेळेच्या महिनाभर आधी, त्यातच व्याली. कोकरू मेलेलं. मी त्याचं कातडं सोलून भिंतीवर टाकलं. सोमवारी माझ्या शिवणातल्या शेवटच्या कोकराला लोकर पुरेना. कोण खाली बाजारात जाणार, कोण आणणार, कोण तीनदा धुणार? त्या कातड्यावरची ओली कुरळी लोकर कातरली, तशीच आत ठासली आणि टाके घालून मोकळी झाले. उरलेलं कातडं कुत्र्याने नेलं. नेऊ दे म्हटलं.

मंगळवारी पहाटे माझी म्हातारी मेंढी व्याली आणि मेली. तिचं कोकरू मात्र जिवंत. आता तू मला शिव्या देशील हे माहीत आहे, कारण पोरकं कोकरू दुसऱ्या आईला लावायचं तर मेलेल्या पिलाचं कातडं त्याच्या अंगावर चढवायचं, म्हणजे वासाने ती त्याला आपलं समजते, हे आपल्या बापाने आपल्याला चालायला यायच्या आधी शिकवलं होतं. कातडं कुत्र्याच्या पोटात. मी कोकरू तसंच तुझ्या मेंढीपुढे धरलं. तिने ढुशी मारली. पुन्हा धरलं, पुन्हा ढुशी, या वेळी माझ्या मांडीला. (निळं पडलं आहे अजून.) दुपारपर्यंत कोकराचा आवाज बसला. चमच्याने पेज घातली, ती ओघळून गेली. संध्याकाळपर्यंत ते जगत नाही, हे मला दिसत होतं.

तेवढ्यात मालिनेओने माझी अकरा कोकरं परत पाठवली, वास येतो म्हणून. मी ती चिडून मेंढवाड्याच्या तारेवर वाऱ्याला टांगली. तुझी मेंढी उठली. एकेक हुंगत गेली. सातव्यापाशी थांबली आणि घशातल्या घशात ती हलकी घरघर करायला लागली, जी आई फक्त नवीन पिलाशी करते. आबुती, मी पन्नास वर्षांची बाई, माझ्या हातातली बादली खाली पडली. ते माझं शेवटचं आणि सर्वांत वाकडं कोकरू होतं. एक डोळा वर, एक खाली. ती त्याला चाटत होती.

मी ते तारेवरून काढलं आणि जिवंत कोकराच्या शेपटीला फास लावून बांधलं, कारण आई पिलाला मागूनच हुंगते. मेंढीने हुंगलं. खूप वेळ हुंगलं. मग तिने मागचा पाय बाजूला घेतला. कोकरू प्यायला लागलं, त्याची शेपटी गरागरा फिरायला लागली, आणि शेपटीबरोबर ते वाकडं ब्लँकेटचं कोकरूही फिरायला लागलं. मालिनेओ अकरा कोकरं धुतली का ते बघायला आली होती. ती कुंपणापाशी उभी राहिली, डोक्यावरची टोपी काढली, आणि हळूच म्हणाली, "टाके घट्ट घातलेस ना? सुटायला नकोत."

साठावं कोकरू तिनेच शिवून दिलं. माझी बाकीची दहा मी तीनदा धुतली. हो, तीनदा.

तुझी धाकटी बहीण,
मामोखेथी

ता. क. मेंढी चार महिने इथेच राहू दे. शेपटीचं कोकरू काढलं की ती अजून पिलाला दूर लोटते. मोसिउवाला कोंबडी चालेल.

ता. क. दुसरा. पत्र टाकायचं राहून गेलं, तेवढ्यात शुक्रवारी मोसिउवा येऊन गेला. मेंढी बर्फात गेली असं मी त्याला सांगितलं, आणि मालिनेओने शेजारी उभं राहून डोळे पुसले. (चर्चची बाई, आणि इतकं छान.) तेव्हा तो भेटला तर तूही तोंड पाड. रडू येत नसेल तर खोक.