असलेले आणि गेलेले

४ नोव्हेंबर

आले एकदाची भाईंदरला. मोरवा गावाच्या बाजूची नवी इमारत, चौथा मजला, समोर मिठागरं आणि त्यांच्यापलीकडे खाडीची चकचकीत रेघ. गिरगावात अडतीस वर्षं समोरच्यांचे वाळत घातलेले कपडे पाहिले. आज सकाळभर बगळे पाहत बसले. ह्यांनी हा फ्लॅट बुक केला आणि ताबा मिळायच्या आत गेले, त्याला आता दीड वर्ष झालं. किल्ली घेताना रडू येईल असं वाटलं होतं. उलट हसूच आलं, इतका उजेड आहे घरात.

शाळेत सिस्टर फिलोमिना रोज चार ओळी डायरी लिहायला लावायच्या, इंग्रजीत. 'दमले' असं लिहायला बंदी होती. आता मराठीत लिहिते आहे, आणि दमले की तसंच लिहीन. आज दमले.

दुपारी उत्तनच्या विमलाबाई मासे घेऊन दारात आल्या. म्हणाल्या, नवीन हाय तू, म्हणून आज ताजं देते, उद्याचं सांगत न्हाय. आणि स्वतःच खो खो हसल्या. हसतानाच त्यांचा फोटो काढला आणि रसिकाला पाठवला. रसिका माझी नात, माझ्या मुलाची, परागची मुलगी, सात वर्षांची, बंगळुरूला असते. तिने विचारलं, बर्फावर झोपून माशांना थंडी वाजत नाही का.

६ नोव्हेंबर

ह्यांचा सर्व्हर लावायला घेतला. बुटांच्या खोक्याएवढा काळा डबा, आत दोन हार्ड डिस्क. घरातले सगळे फोटो त्यात आहेत. निवृत्त झाल्यावर ह्यांनी एकेक स्कॅन करून भरले. दोन्ही डिस्कवर ह्यांच्या हातच्या चिठ्ठ्या आहेत. एकीवर 'असलेले', दुसरीवर 'गेलेले'.

सासूबाईंचा नियम होता, जिवंत माणसांचे फोटो आणि वारलेल्यांचे फोटो एका भिंतीवर लावायचे नाहीत. ह्यांनी भिंतीचा नियम डिस्कला लावला. कोणी वारलं की तेराव्यानंतर त्याचे फोटो इकडून तिकडे हलवायचे. मला हसू यायचं. आमच्या कॉन्व्हेंटच्या व्हरांड्यात वारलेल्या मदर सुपीरियर आणि त्या वर्षीची थ्रोबॉलची टीम शेजारी शेजारी टांगलेल्या असत, कुणाचं काही बिघडलं नाही. ह्यांचे फोटो मात्र मीच हलवले होते, चौदाव्या दिवशी सकाळी.

डबा चालू केला तर नेटवर्कवर दिसेना. परागने फोनवरून सांगितलं की नव्या राउटरने त्याला नवा पत्ता दिला असेल, राउटरच्या यादीत शोध. दीड तास गेला, पण सापडला. 'गेलेले' उघडलं. 'असलेले' उघडेना, त्या डिस्कमधून घड्याळासारखी टकटक येत होती.

८ नोव्हेंबर

आज डबा सुरूच होईना. कॉम्प्युटरच्या दुकानातून जितेशभाई आले, माझ्याच वयाचे, सांधेदुखीने जिने मोजत. त्यांनी सांगितलं की ज्या पेनड्राइव्हवरून डबा सुरू होतो तो मेलाय, तारीख सांभाळणारा आतला सेलही संपलाय. दोन्ही बदलले. पण 'असलेले' डिस्कचं काही खरं नव्हतं. नवी यायला आठवडा लागेल, तोवर ही टिकणार नाही, म्हणाले. दुसरी डिस्क जवळजवळ रिकामी आहे, आजच सगळं तिच्यावर उतरवून घ्या.

मी सासूबाईंचं सांगितलं. ते म्हणाले, "बेन, डिस्क आहे ही, देव्हारा नाही."

बटण मीच दाबलं. सहा तास लागले. आता दोन्ही फोल्डर एकाच डिस्कवर आहेत, फोनचे नवे फोटोही आपोआप तिथेच जातात.

११ नोव्हेंबर

सगळं नीट चालतंय. दुपारभर टीव्हीवर फोटो पाहिले, डोळे दुखेपर्यंत. एकच गडबड झालेली दिसते. विमलाबाईंचा फोटो 'गेलेले'मध्ये होता. उतरवताना माझाच हात चुकला असणार. परत जागेवर ठेवला.

१३ नोव्हेंबर

विमलाबाई काल आल्या नाहीत, आजही नाहीत. खाली वॉचमनला विचारलं. काल सकाळी धक्क्यावर पाय घसरून पडल्या, दवाखान्यात नेईपर्यंत गेल्या.

वर येऊन डबा उघडला. फोटो पुन्हा 'गेलेले'मध्ये आहे. मी नाही हलवला.

१५ नोव्हेंबर

लवूभाऊजींचे सगळे फोटो तिकडे गेलेत. माझे धाकटे दीर, रत्नागिरीला असतात. लगेच फोन केला. ठणठणीत होते. वहिनी भाईंदरला गेल्या आणि मोठ्या झाल्या, आता वर्षातून एकदा आठवण, असं चिडवत होते. डॉक्टरांकडे जा म्हटलं, तर म्हणाले, आधी आंबोळ्या खाऊन होऊ देत.

फोटो एकेक करून परत आणले. एकेचाळीस. मान मोडून आली.

१६ नोव्हेंबर

लवूभाऊजी गेले. आंघोळीला गेले ते बाहेर आलेच नाहीत.

१७ नोव्हेंबर

जितेशभाईंना बोलावलं. त्यांनी नोंदी काढल्या. फाइली हलवणाऱ्याचं नाव दर वेळी एकच, आत्माराम. कोण आहे, विचारलं. मी म्हटलं, आमचे हे. त्यांनी लगेच ते खातं काढून टाकलं, गिरगावातला जुना राउटर लावला, केबल उपसली, डब्याचा प्लगही काढून ठेवला.

१८ नोव्हेंबर

नवी डिस्क एकदाची आली, जितेशभाईच घेऊन आले. असलेल्यांना वेगळं काढायचं म्हणून डबा चालू केला. नव्या डिस्कवर कॉपी होईना. परवानगी नाही. मालक: आत्माराम.

खातं परत आलंय. नोंदी कालच्या दुपारच्या आहेत, प्लग काढलेला असतानाच्या.

हातोडी आणली होती. पण पराग, माझी सून संचिता, रसिका, सगळे त्याच डिस्कवर आहेत. फोडली आणि त्यांचंच काही— जितेशभाईंनीही हातोडी काढून घेतली. पुन्हा बोलावू नका म्हणाले. हात जोडून म्हणाले.

१९ नोव्हेंबर

रसिका. बारशाचा फोटो तिकडे गेला. मग उष्टावणाचा. क्रमाने, एकेक. एकूण सहाशे बारा आहेत.

परागचा फोन. सकाळपासून ताप आहे, एकशे तीन. मी काय सांगणार त्याला. लगेच दवाखान्यात ने एवढंच म्हटलं.

परत आणते, जातात. आणते, जातात. बोटं वळत नाहीत.

मोठ्याने म्हटलं, "अहो, तिला नको."

फोटो जायचे थांबले. दोन मिनिटं असतील. पुन्हा सुरू.

२० नोव्हेंबर, सकाळ

सहाशे गेले. ताप उतरत नाही. संचिता फोनवर नुसती रडते.

ह्यांच्या मनात वाईट नाही. हे कधीच वाईट नव्हते. तिकडे एकटे आहेत, शोधतायत. मी सापडत नाही म्हणून हाताला लागेल त्याला—

मी कुठल्याच फोटोत नाही. लग्नाचा अल्बम कसरीने खाल्ला. त्यानंतर कॅमेरा कायम माझ्या हातात. अडतीस वर्षं. मी काढत होते.

२० नोव्हेंबर, दुपार

मोरपंखी साडी नेसले. केस विंचरले. बाल्कनीत उभी राहून स्वतःचा फोटो काढला, मागे मिठागरं. बरा आला. थोडी दमलेली दिसते.

'गेलेले'मध्ये टाकला. स्वतःच्या हाताने. परवानगी लागली नाही.

रसिकाचे परत येतायत. शंभर. दोनशे.

पराग म्हणतो घाम आलाय तिला. पाणी मागितलं. असलेले आणि गेलेले पुन्हा कधी एका डिस्कवर ठेवू नकोस म्हटलं. का, विचारत होता. फोन ठेवला.

साडेतीनशे. पाय गार पडलेत. उन्हात बसले आहे तरी.

पाचशे ऐंशी.

मागे खुर्ची सरकली. बसताना गुडघ्यावर हात टेकायची ह्यांची— मागे बघत नाही. आधी मोजते.

अहो, थांबा जरा. तिचे अजून चौदा राहिलेत, तेवढे येऊ द्या, मग—