पिवळं आभाळ

कोल्हापूर, १२ नोव्हेंबर

आबा,

तुमच्या आणि आईच्या पाया पडते. मी बरी आहे, जेवण वेळेवर होतं. टर्पेंटाइनच्या वासाने डोकं दुखायचं, तेही थांबलंय.

कालपासून मात्र हातात ब्रश धरवत नाही. सरांनी त्यांच्या गुरूंचं जुनं तैलचित्र नक्कल करायला दिलं होतं ना, आपल्या भंडारदऱ्याच्या पाण्याचं? महिनाभर चौकटी आखून मी ते उतरवलं. आभाळाचा पिवळा जुळवण्यातच आठ दिवस गेले.

काल सर परगावाहून आले. माझं चित्र बघितलं आणि कापसाचा बोळा कसल्याशा औषधात बुडवून मूळ चित्राचा कोपरा पुसला. बोळा तपकिरी झाला. खाली निळं आभाळ होतं, आबा. आपल्याकडच्या सकाळचं.

पिवळा रंग गुरूंचा नव्हताच. वरचं वॉर्निश इतक्या वर्षांत पिवळं पडलं होतं. मी महिनाभर मळ रंगवत होते.

सर एवढंच म्हणाले, "तू तिथलीच ना?"

गेल्या आठवड्यात मी मोबाईलवर माझ्या चित्राचा फोटो पाठवला, तेव्हा तुम्ही म्हणालात, "पोरी, आपलं आभाळ असं न्हाई." आणि मी म्हणाले, तुम्हाला चित्रातलं काय कळतं. तुम्ही फोन आईकडे दिलात. हे फोनवर बोलता आलं नसतं, म्हणून लिहितेय.

भात काढून झालं का? आईचा गुडघा कसा आहे?

एक करा. सकाळी बांधावर उभं राहून आभाळ कसं दिसतं ते मला सांगा. फोटो नको. तुम्ही सांगाल तसा रंग कालवते.

तुमची,
सारिका