दोन मार्क

सेलू, शनिवार, २७ एप्रिल १९५७

आज नववीचा इंग्रजीचा निकाल लावला. मालगुजारांचा दिनकर चार मार्कांनी गेला होता. हेडमास्तर हसून म्हणाले, "स्ट्रेच अ पॉइंट, गुरुजी!" म्हणजे नियम थोडा सैल सोडा. वर्षभर मीच शिकवलेला वाक्प्रचार. सोडला मी.

मग केळझरची कौसल्या. दोनच मार्कांनी गेलेली. पेपरात नेमका याच वाक्प्रचाराचा अर्थ तिला आला नव्हता. मी विचारलं, "हिलाही सोडायचं का?"

"असं सगळ्यांनाच सोडत बसलो तर शाळा कशाला काढली?"

मी पुढे बोललोच नाही. का? नोकरी कायम व्हायची आहे म्हणून? दोन मार्कांसाठी तोंड उघडता येऊ नये?

संध्याकाळी तिचे वडील आले. ओट्याखालीच उभे राहिले. "पोरगी काऊन नापास झाली जी, गुरुजी?"

"नियम आहे," मी म्हणालो.

"तुमी म्हनता तं बरोबरच असन." त्यांनी हात जोडले. भांडले असते तर बरं झालं असतं. जाताना म्हणाले, "आता शाळा पुरे. तिले वावरात नेतो."

मी 'बरं' म्हणालो. चक्क 'बरं' म्हणालो!