शंका फिटेपर्यंत

सोमवार, १ मार्च २००४
गेलं! आमचं सगळं प्रोग्रॅमिंगचं कामच अमेरिकेतून चाललं — चेन्नईला. साहेबांनी, म्हणजे क्रेगने, सकाळीच सांगितलं. कोण किती दिवस राहणार ते म्हणे कामावरून ठरेल.

मला बाकी काही नको. ८ जूनला माझ्या नवऱ्याच्या, स्टॅनच्या, हृदयाचं ऑपरेशन आहे, तोवर नोकरी टिकू दे. त्याचा विमा माझ्या नोकरीवर चालतो. नोकरी गेली की विमा गेला, आणि पदरचे पैसे घालून तो चालू ठेवणं आम्हाला झेपायचं नाही.

गुरुवार, ४ मार्च
कंपनीने व्याख्यान ठेवलं होतं — स्पर्धेत कसं टिकायचं! टाय लावलेला एक पोरसवदा माणूस ओरडत होता, "नवं शिका! स्वतःला अपरिहार्य करा!" शेजारची लॉरेन कानात म्हणाली, "बर्नी, हा स्वतः कुठून हाकलला गेला असेल गं?" हसू दाबता दाबता पुरेवाट झाली.

पण घरी येताना संध्याकाळच्या कॉलेजात नाव घातलंच.

मंगळवार, ९ मार्च
चेन्नईहून पहिली मेल. कोणी सुगिर्ता, माझं काम आता तिच्याकडे जाणार. "मॅडम, तुमच्या हप्त्यांच्या प्रोग्रॅमबद्दल मला बऱ्याच शंका आहेत." आणि प्रत क्रेगला!

शंका? माझ्या कामावर? माझ्याच ताटातलं उचलायचं आणि वर माझ्यावरच शंका! चोराच्या उलट्या बोंबा!

सोमवार, १५ मार्च
एकेका शंकेला पानभर उत्तर लिहितेय. कुठला नियम का आला, कुठल्या साली, सगळं. शंका घ्यायला जागाच ठेवायची नाही! स्टॅन म्हणाला, "लग्नानंतर मला कधी एवढं समजावून सांगितलं नाहीस."

कॉलेजात मुलं भराभर टाइप करतात. मी आपली चष्मा पुसत बसते.

शुक्रवार, २६ मार्च
आणखी शंका. ईस्टरआधीच्या उपासाच्या शुक्रवारी चर्चमध्ये मासे-जेवण असतं, त्यालाही गेले नाही. स्टॅन एकटाच जाऊन आला आणि परतल्यावर जिन्यातच बसून राहिला. ओठ निळसर दिसत होते. फार भीती वाटते.

सोमवार, ५ एप्रिल
आज फोनवर सुगिर्तालाच विचारलं — बाई गं, माझ्या कामात खोट काय आहे?

ती घाबरलीच. "खोट? नाही हो मॅडम! आम्ही वर्गात हात वर करून म्हणतो ना, 'सर, शंका आहे' — म्हणजे कळलं नाही, पुन्हा सांगा. तुमच्यासारखं मला कुणी शिकवलंच नाही!"

मी हसत सुटले. महिनाभर मी त्या पोरीशी भांडत होते, आणि तिला पत्ताच नाही!

बुधवार, ७ एप्रिल
क्रेग खुशीत होता. "कमाल केलीस बर्नी! तिला सगळं शिकवायला ऑगस्ट उजाडेल वाटलं होतं. तू ईस्टरच्या आत उरकलंस!"

करारच तसा आहे म्हणे. सुगिर्ताने 'शंका नाहीत' असं कळवलं की माझं काम संपलं. ती कळवेल तो आठवडा माझा शेवटचा. आपल्याच हाताने पायावर धोंडा पाडून घेतला! नेटाने, पानंच्या पानं लिहून!

स्टॅनला सांगितलेलं नाही. सांगू तरी कसं?

गुरुवार, ८ एप्रिल
सुगिर्ताचा फोन. "मॅडम, आवाज का असा?" मी नको ते बोलून गेले — विमा, ऑपरेशन, जून, सगळं. तिने सगळं ऐकून घेतलं. मग, "बरं मॅडम," आणि फोन बंद.

चुकलंच माझं. तिलाही तिचा साहेब आहे, तिचीही नोकरी आहे. तिने काय करावं?

मंगळवार, १३ एप्रिल
सुगिर्ताची मेल. प्रत क्रेगला, आणि तिच्या साहेबालाही.

"मॅडम, सगळं पुन्हा वाचलं. अगदी पहिल्या पानापासून शंका आहेत. जून संपेपर्यंत तरी फिटतील असं वाटत नाही."